विधी पदवीची पहिली दोन वर्षे: समाजशास्त्र आधी की दावा लिहिणे आधी?

(चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

रामबागचा वकील

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी सव्वीस वर्षे दिवाणी वकिली करीत आहे. या उन्हाळ्यात माझा भाचा, पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.ची चार सत्रे संपवून, माझ्याकडे काम शिकायला बसला. त्याच आठवड्यात एक सोयाबीन ढेपेचे व्यापारी आले. अकोल्याच्या खरेदीदाराशी त्यांचा सौदा फोनवर ठरला, माल गेला आणि पैसे अडकले. मी भाच्याला विचारले, दावा इंदुरात लावायचा की अकोल्यात? तो बराच वेळ फाईलच्या नाडीशी चाळा करीत बसला.

गंमत अशी की, ज्या निकालापासून या प्रश्नाचा विचार सुरू करायचा तो त्याला नावाने पाठ होता. १९५९ मध्ये अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या केडिया गिरणीला फोन करून सरकीची ढेप मागितली, गिरणीने फोनवरच होकार दिला, आणि पुढे वाद झाला तेव्हा करार नेमका कुठे झाला हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. होकार जिथे ऐकू आला तिथे, म्हणजे अहमदाबादेत, असे बहुमताने ठरले. हे सगळे भाच्याने घडाघडा सांगितले. मात्र समोर बसलेल्या पक्षकाराला ‘फोनवर भाव आधी कोणी बोलला?’ एवढे विचारावे, हे त्याला सुचले नाही. प्रस्ताव कोणाचा होता हे कळले, की होकार कुठे ऐकू आला हे कळते.

दोन वर्षांत या मुलाने राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास यांचे मिळून जितके पेपर दिले, तितके कायद्याचे दिले नाहीत. दावा, जवाबदावा (दाव्याला प्रतिवादीचे उत्तर) आणि नोटीस लिहिणे शेवटच्या सत्रांत शिकवतात. हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. करार आणि अपकृत्य (करार नसतानाही दुसऱ्याचे केलेले नुकसान) यांच्या जोडीला मसुदालेखनही पहिल्याच वर्षी असावे. समाजशास्त्र चौथ्या वर्षी शिकवले तरी समाज कुठे पळून जात नाही.

लोकमान्य नगर

वकीलसाहेब, मी बावीस वर्षे विधीच्या विद्यार्थ्यांना समाजशास्त्र शिकवले आहे, तेव्हा माझा पक्ष उघड आहे. आपण ढेपेचे उदाहरण दिलेत, मी आपल्याच शहराचे देते.

शाहबानो इंदूरच्या. १९३२ मध्ये लग्न, पाच मुले, १९७५ मध्ये घराबाहेर काढले गेले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी इथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दरमहा पाचशे रुपये पोटगी मागितली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पतीने तलाक दिला. पती स्वतः वकील होते, म्हणजे मसुदा लिहिण्यात ते निश्चितच कच्चे नसणार. दंडाधिकाऱ्यांनी महिना पंचवीस रुपये दिले, उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि पतीचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी फेटाळले. पुढच्याच वर्षी संसदेने घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी निराळा कायदा केला, आणि त्या कायद्याचा अर्थ २००१ मध्ये दानियाल लतीफी निकालात पुन्हा लावावा लागला.

आता सांगा, यातले किती कलम १२५ च्या शब्दांत सापडते? एका वृद्ध बाईच्या पावणेदोनशे रुपयांवरून देशाचे राजकारण का ढवळून निघाले, हे ज्याला उमगत नाही, तो अर्ज बिनचूक लिहील; परंतु तो अर्ज कशाकशाला जाऊन धडकणार आहे, याचा अंदाज त्याला येणार नाही.

महूला जन्मलेल्या बाबासाहेबांचा क्रमही पाहा. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्रासोबत समाजशास्त्र, इतिहास आणि मानववंशशास्त्र अभ्यासले, आणि बॅरिस्टर ते त्यानंतर झाले.

रामबागचा वकील

मॅडम, बाबासाहेबांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्यांनी हे विषय शिकण्याच्या इच्छेने, उत्तम प्राध्यापकांकडे, पदवी घेतल्यानंतर शिकले. बारावीनंतर प्रवेश परीक्षेच्या धक्क्याने आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने नव्हे. आणि शाहबानो निकाल कौटुंबिक कायद्याच्या तासाला सगळ्या सामाजिक पार्श्वभूमीसह शिकवायला कोणी अडवले आहे? माझी तक्रार समाजशास्त्राबद्दल नाही, निकालापासून तोडलेल्या समाजशास्त्राबद्दल आहे.

चौथे सत्र, मागचा बाक

काका, मी आपल्या भाच्याच्याच वर्षात आहे, कॉलेज वेगळे. त्याच्या वतीने एक गोष्ट नोंदवतो. दावा कुठे लावायचा हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० वर ठरते, आणि ती संहिता आमच्याकडे तिसऱ्या वर्षी सुरू होते. जे शिकवलेच नाही ते आले नाही, याचा दोष राज्यशास्त्रावर घालणे बरोबर नाही.

मॅडम, आपल्या बाजूचे चित्रही तितके सुंदर नाही. आमच्या राज्यशास्त्राच्या पेपरात प्लेटोच्या आदर्श राज्यावर प्रश्न होता, बाजूच्याच पेपरात मूलभूत हक्कांवर होता, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो हे वर्षभरात कोणी सांगितले नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधल्या आठ उत्तरांवर निभावले. ग्वाल्हेरच्या महाराजांनी माजी संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता काढून घेण्याविरुद्ध लढलेला १९७० चा खटला मला निव्वळ योगायोगाने एका जुन्या पुस्तकात भेटला. संस्थाने, संसद, राष्ट्रपतींचे अधिकार असे सगळे एका निकालात आहे, आणि मध्य भारतातल्या मराठी घरांत ज्याच्या गोष्टी अजून चालतात, असा तो विषय. तिथून राज्यशास्त्र सुरू केले असते तर मी मागच्या बाकावर बसलो नसतो.

आणखी एक, राग मानू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आम्ही खुनाला १०३ आणि फसवणुकीला ३१८ शिकलो. बार रूममध्ये सगळे ज्येष्ठ अजून जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०२ आणि ४२० वरच आहेत. कलमे बदलतात, काका. पहिल्या दोन वर्षांत नुसती कलमे भरली असती तर आमच्या आधीच्या तुकडीची निम्मी पाठांतरे वाया गेली असती.

सुदामा नगर, उशिरा आलेला

मी आधी बी.कॉम. केले, बारा वर्षे लेखापालाची नोकरी केली आणि नंतर तीन वर्षांची एलएल.बी. केली. आमच्या पहिल्या सत्रात समाजशास्त्र नव्हते, थेट करार कायदा होता. १८७२ चा कायदा वाचताना मला मौज वाटली, कारण प्रत्येक कलमामागे मला माहीत असलेला कोणीतरी बुडवणारा व्यापारी उभा राहायचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या, नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला तेच कलम कोरडे लागे. यावरून मला वाटते की, आधी विषय कोणता यापेक्षा आधी व्यवहार किती पाहिला, याने जास्त फरक पडतो. बार कौन्सिलच्या नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे इंटर्नशिप आहे, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारा. यातले चार आठवडे पहिल्याच वर्षी कोर्टात, तेही मुंशीजींच्या (वकिलाच्या कारकुनाच्या) हाताखाली काढावेत. नकलेचा अर्ज, पेशीची (सुनावणीची) नोंद आणि कोर्ट फी ही कामे प्राध्यापक शिकवत नाहीत आणि वकीलसाहेबही शिकवत नाहीत.

रामबागचा वकील

मुंशीजींचा मुद्दा मान्य. कलम २० चा मुद्दाही अर्धा मान्य: संहिता शिकवलेली नव्हती हे खरे, तरी ‘आधी कोणी बोलला’ हा प्रश्न करार कायद्यातलाच आहे, आणि तो कायदा भाच्याचा पहिल्याच वर्षी झाला होता. ३०२ बद्दल मात्र निरुत्तर आहे. जीभ वळत नाही.

मसुदालेखन पहिल्या वर्षी हवे, यावरून मी हटणार नाही. खरीखुरी फाईल समोर ठेवून ते शिकवले तर मॅडमचे समाजशास्त्र त्यातच येईल. पोटगीच्या एका अर्जात पगार, सासर, माहेर आणि जात असे सगळे असते.

लोकमान्य नगर

असते, पण ते पाहायला शिकवावे लागते, आणि तेच काम आमचे आहे. असो. वकीलसाहेब, पहिल्या वर्षाला मसुदालेखन शिकवणार कोण? पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, त्यामुळे त्यांच्यापैकी पुष्कळांनी कित्येक वर्षांत एकही जवाबदावा लिहिलेला नसतो. उलट वकिली करणाऱ्याला १९९५ च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंत विधीचे अध्यापन करण्याची मुभा आहे. आपण कधी अर्ज केला आहे का?

रामबागचा वकील

एकदा केला होता. तास सकाळी साडेदहाचा देऊ केला, आणि अकराला माझी पेशी असते. सकाळी आठचा तास मिळाला तर पुन्हा अर्ज करीन. मात्र पहिल्या दिवशी फळ्यावर प्लेटो नसेल, अकोल्याची नोटीस असेल.

चौथे सत्र, मागचा बाक

आठला मी येईन, काका. पण फोनवर आधी कोणी बोलले होते, ते अजून सांगितले नाहीत.