‘अंगी लागत नाही’ म्हणजे नक्की काय? बारीक अंगकाठीबद्दल अनुभव धागा

जाड माणसाला सल्ला दबक्या आवाजात मिळतो, बारीक माणसाला भर लग्नात, पंगतीत. ‘पाप्याचं पितर’, ‘काडी पैलवान’, ‘घरी खायला घालत नाहीत का गं?’ असं म्हणणाऱ्याला आपण काही टोचून बोललो हे जाणवतही नाही. मुळातच बारीक असलेला माणूस निरोगी आणि मजेत असू शकतो का, यावर मुंबईत ज्यांच्या हाताखालून रोज अशी माणसं जातात त्यांनी लिहावं. स्वतःच्या वजनाची कहाणी नको. काय मोजता, कुठे चुकतं, काय उपयोगी पडतं, तेवढं सांगा.

फॅमिली डॉक्टर, गिरगाव

‘वजन किती?’ हा माझा दुसरा प्रश्न. पहिला, ‘कधीपासून एवढंच आहे?’ सगळा फरक तिथेच कळतो. वीस वर्षं बावन्न किलोवर असलेला माणूस आणि वर्षभरात छप्पनवरून बावन्नवर आलेला माणूस काट्यावर सारखेच दिसतात. दुसऱ्याची तपासणी आजच हवी. सहा ते बारा महिन्यांत, प्रयत्न न करता, ५ टक्के वजन उतरलं तर कारण शोधायचंच; ५० किलोच्या माणसात ते फक्त अडीच किलो होतं, म्हणून नजरेतून सुटतं. घरात काटा नसेल तर पट्टा बघा. कुठल्या भोकावरून कुठल्या भोकावर आलाय?

बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन, ही कागदावरची रेघ. उंची १.७० मीटर असेल तर ती साडेत्रेपन्न किलोवर येते. बावन्न किलोचा माणूस दादरचा पूल न धापता चढतोय, वडिलांची अंगकाठी तशीच आहे, बाईची पाळी नियमित आहे, तर त्याला टॉनिक लिहून देणं हे औषध नव्हे, समजूत काढणं आहे.

पण एकदा तरी तपासण्या करून घ्याव्यात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), जुलाब किंवा पोटफुगी असेल तर गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही का ते बघायला टीटीजी. मुंबईत टीबी विसरून चालत नाही. दोन आठवड्यांवरचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, यातलं एकही असेल तर बेडका आणि छातीचा एक्स-रे. पालिकेच्या दवाखान्यात बेडक्याची तपासणी फुकट होते.

दोन आकडे बारीक माणसाला फसवतात. एक रक्तदाब. दंडाचा घेर २२ ते २६ सेंटिमीटर असेल तर बीपी मोजताना दंडाला गुंडाळायची पट्टी, म्हणजे कफ, प्रौढांसाठीच्या लहान मापाचा लागतो. नेहमीचा मोठा कफ गुंडाळला तर दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि ‘तुमचं बीपी लो आहे’ हे लेबल जन्मभर चिकटतं. दुसरा क्रिएटिनिन. ते स्नायूंतून येतं. स्नायूच कमी असले तर मूत्रपिंड थोडं थकलेलं असूनही आकडा झक्क येतो. वयस्कर, काटकुळ्या माणसात शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडाची दुसरी रक्ततपासणी करून घ्यावी.

मधुमेहतज्ज्ञ, मुलुंड

वरच्या डॉक्टरांना माझी पुरवणी. ‘मी बारीक आहे, मला शुगर कशी होईल?’ हे वाक्य आमच्या खोलीत रोज ऐकू येतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२. दोघेही किडकिडीत नव्हते, हे खरं. पण काटा काय लपवतो ते त्या एका चित्रात आहे. हात-पाय काड्यांसारखे आणि मध्ये छोटंसं मडकं, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण. तिला सडपातळ म्हणू नका.

म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडून. पुरुष ९० सेंटिमीटर, बाई ८० सेंटिमीटर, त्यापुढे काळजी. बुटक्या, बारीक माणसाला हेही सैलच, त्याने उंचीच्या निम्मं धरावं. पँटचा नंबर सांगू नका. पँट पोटाच्या खाली बांधलेली असते.

एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) बघताना हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच वर दिसतं, आणि बारीक बायकांत हे दोन्ही एकत्र सापडतं.

आहारतज्ज्ञ, दादर

‘खाल्लेलं जातं कुठे?’ याचं उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. कॅनडात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांपैकी ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणी ४.३ किलो वाढलं, कुणी १३.३, आणि एका जोडीतले दोघे साधारण सारखेच वाढले. १९९९ मध्ये अमेरिकेत जेम्स लेव्हाइन यांनी आठ आठवडे तेवढाच जादा आहार दिला तेव्हा फरक पडला तो व्यायामाने नव्हे, तर चुळबुळीने. पाय हलवणं, उठबस, उभं राहणं. काहींचं शरीर जादा खाणं असं आपोआप जाळून टाकतं. तेव्हा ‘लक्ष देऊन खात नाही’ हा आरोप बऱ्याचदा खोटा असतो.

आता ज्यांना थोडं भरायचंय त्यांच्यासाठी. रोज ३०० ते ५०० कॅलरी जास्त. एकदम हजार घातल्या की पोट बिघडतं, आणि पंधरा दिवसांत माणूस सोडून देतो. मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम) साधारण १७०, म्हशीच्या दुधाचा मोठा पेला अडीचशे, भातावर दोन चमचे तूप ९०. झाले पाचशे. जेवण वाढवलंच नाही, त्यावर घातलं. महिन्याला पाऊण ते एक किलो पुष्कळ झालं. त्याहून वेगाने वाढलं की ते बहुतेक पोटावरच जातं, आणि मुलुंडच्या डॉक्टरांकडे जावं लागतं.

प्रथिनं हा आपला खरा घोळ. दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम ही किमान शिफारस. ५० किलोला ४२ ग्रॅम. वजनं उचलत असाल तर ६० ते ८०. आणि लोक सांगतात, ‘वरण रोज असतं.’ पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ असते वीस ग्रॅम, म्हणजे प्रथिनं चार-पाच ग्रॅम. उसळ घट्ट करा. एका अंड्यात सहा. बांगडा १०० ग्रॅम खाल्ला तर वीसच्या आसपास. ओला बोंबील चवीला खावा, प्रथिनांसाठी नाही. त्यात बहुतेक पाणीच.

मुंबईची खास अडचण वेळेची. डबा एकला, घर नऊला. मधल्या आठ तासांत तीन कटिंग आणि एक वडापाव. चहाने भूक मरते आणि जेवणाबरोबर घेतला तर लोहही अडतं. जेवणाआधी नि नंतर तासभर नको. साडेपाचचा दुसरा छोटा डबा ठेवा: फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. चिक्की पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यातच, नाहीतर दोन दिवसांत चिकट गोळा होतो. सोललेलं उकडलेलं अंडं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बॅगेत ठेवू नका.

वजन वाढवायच्या ‘गेनर’ पावडरीचा डबा उलटा करून वाचा. पहिलं नाव बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्वस्त पिठूळ साखरच म्हणा.

केमिस्ट, कांदिवली

‘वजन वाढायची गोळी द्या.’ दिवसाला दोन-तीन गिऱ्हाइकं. मागतात ती सायप्रोहेप्टाडीन. हे मुळात अ‍ॅलर्जीचं औषध. भूक लागते, झोप त्याहून जास्त येते. मोटरमननं नि रिक्षावाल्यानं तर हात लावू नये. बंद केलं की भूकही गेली. दुसरी त्याहून वाईट: डेक्सामेथासोन. स्टिरॉइड आहे, शेड्यूल एच या सरकारी यादीत आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. महिन्याभरात गाल भरतात, घरचे खूश. ते पाणी आणि चरबी आहे. आत साखर वाढते, हाडं पोकळ होतात. बरेच दिवस घेतली असेल तर स्वतःहून एकदम बंदही करू नका, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं थांबलेलं असतं. डॉक्टरकडे पाकीट घेऊन जा. बिनलेबलच्या ‘जडीबुटी’ चूर्णाबद्दलही हेच, त्यात हेच मिसळलेलं निघतं.

रक्तपेढी, परळ

बारीक असलात तरी रक्त देता येतं. वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवं. ४५ ते ५५ किलोमध्ये ३५० मिलिलिटर काढतो, ४५० नाही. उपाशी येऊ नका, त्यानंच चक्कर येते. ४४ किलो असेल तर खिशात नाणी घालून काट्यावर चढू नका. लोक चढतात!

फिजिओथेरपिस्ट, विलेपार्ले

साठीच्या पुढचा बारीकपणा वेगळा. तिथे पोटरी मोजतो. पुरुषाची ३४, बाईची ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर स्नायू झिजताहेत असा संशय. मग हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठबस. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर कामाला लागायचं. ‘आजी किती हलक्या, तुरुतुरु चालतात’ हे कौतुक खरं, पण हलक्या हाडांना भार मिळालेला नसतो, आणि पडल्यावर खुबा मोडतो तो अशाच आजींचा. चालण्याने भागत नाही. खुर्चीवरून उठबस दहा-दहाच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. जमायला लागली की हातात एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या.

पोलीस भरतीची तयारी घेणारा, नायगाव

पोरं येतात ती छातीच्या भीतीनं. न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ जास्त. बारीक पोराची फुगवण सहसा चांगली असते, कमी पडते ती आधीची ७९. दीर्घ श्वसनाने फुगवण सुधारते. ७९ व्हायला पाठ वाढवावी लागते. पुल-अप, वाकून वजन ओढणं, डंड. आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या, आणि बारा सहज निघाले की वजन वाढवायचं. चुकतं ते इथेच: रोज शंभर डंड, वर्षानुवर्षं तेच शंभर. दम वाढतो, अंग तेवढंच राहतं. वर रोज दहा किलोमीटर धावणं, मग खाल्लेलं सगळं रस्त्यावर.

१६०० मीटरला बारीक पोरगं पुढेच. गोळा ७.२६ किलोचा असतो, तिथे मार खातं. हाताने फेकू नका, मांडीने फेका.

आणि अंग हलकं असणं हे कमीपण समजणाऱ्यानं शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब बघून यावा. एरंडेल चोपडलेल्या खांबावर स्वतःचंच वजन पेलायचं असतं. आकार वाढला की वजन ताकदीपेक्षा जोरात वाढतं. त्या खेळात सुटसुटीत अंगाचंच राज्य.

समुपदेशक, बोरिवली

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा म्हणून बारीक माणसाला गृहीत धरतात, तसंच घरीही. त्याला लागत नाही असं समजतात. शेरा एकदाच असेल तर विषय बदलणारं एक वाक्य तयार ठेवा: ‘काकू, तपासण्या झाल्यात, सगळं नीट आहे. अळूवडी मस्त झालीये.’ रोजचा असेल तर एकट्यात, नाव घेऊन सांगा. चारचौघांत उत्तर दिलं की तो वाद होतो आणि शेरा तसाच राहतो.

मुलांच्या बाबतीत: काय वाढायचं नि कधी, हे आईबाबांनी ठरवावं, किती खायचं, हे मुलानं. पाठीमागे घास घेऊन फिरलं की भुकेची खूण हरवते. बालरोगतज्ज्ञाच्या तक्त्यावर मूल खालच्या रेषेवर असेल पण तीच रेषा धरून वाढत असेल तर ठीक. रेषा ओलांडून खाली उतरायला लागलं तर दाखवा.

आणि ‘मुळातच बारीक’ या शब्दाआड दुसरंही काही दडतं. जेवण लपवणं, एकटीनंच जेवणं, वजन वाढण्याची धास्ती, पाळी तीन महिने बंद. मुळात बारीक असलेली व्यक्ती वजन वाढलं तर बहुधा खूश होते. इथे उलट होतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मराठीतही.

शिंपी, लालबाग

बारीक माणूस ढगळ कपड्यात लपायला बघतो आणि आणखी बारीक दिसतो. तीरा (खांद्याचं माप) अर्धा इंचसुद्धा खांद्याखाली उतरू द्यायचा नाही. मुंढा (काखेचा घेर) वर घ्या, छातीत लूज तीन इंच, पाच नको. कापड जरा अंग असलेलं: खादी, लिनन, ऑक्सफर्ड. झिरझिरीत पॉपलिन घामानं चिकटतं नि बरगड्या मोजता येतात. ब्लाउजला रुंद गळा हवाच असेल तर मागं नाडी द्या, नाहीतर खांदा दिवसभर घसरत राहतो.

तयार पँट ३० ची घेऊन २७ करून मागतात. दोन इंचांपुढे मागून आत घेतली की दोन्ही खिसे एकमेकांना चिकटतात. मंगलदास मार्केटातून कापड आणून शिवलेली बरी. मागच्या शिवणीत इंचभर दाब सोडायला सांगा, अंग धरलं तर उसवता येतं.

पट्ट्याला घरी खिळ्यानं भोकं पाडू नका. बकल काढून त्या बाजूनं कापायचा, टोकाकडून नाही, म्हणजे भोकं मधोमध राहतात. फक्त वर गिरगावच्या डॉक्टरांनी सांगितलंय ना, म्हणून किती कापला ते लिहून ठेवा. पट्टा कापून आणायला जो वर्षात दुसऱ्यांदा येतो, त्याला आम्ही आधी विचारतो, बाबा, तब्येत बरी ना?