शिफ्ट बदलल्यापासून कुत्रा बिथरलाय, रुटीन परत कसं बसवू?

मोतीची_आई
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमचा मोती लॅब्राडोर आहे, सव्वा वर्षाचा. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सगळं सुरळीत होतं, सकाळ-संध्याकाळ फिरणं, दोन वेळा जेवण, रात्री गुपचूप झोपायचा. मग माझी शिफ्ट बदलली, एक आठवडा सकाळची एक आठवडा दुपारची, त्यामुळे त्याचं फिरणं कधी सहाला कधी दहाला आणि कधी राहूनच जातं. तेव्हापासून उशा फाडतो, सोफ्याचा कोपरा कुरतडून ठेवलाय, रात्री दोन-तीनला उठून येरझाऱ्या घालतो, फरशीवर नखांचा टकटक आवाज येत राहतो आणि मला झोप लागत नाही. काल घरातच शू केली आणि मी आल्याबरोबर कान पाडून टेबलाखाली जाऊन बसला, इतकं वाईट वाटलं ना. रविवारी भरपाई म्हणून दोन तास पळवते त्याला, तरी फरक नाही, वजनही वाढलंय. व्यायाम कमी पडतोय का अजून काही आहे?

जुना_श्वानप्रेमी
ताई, आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. घरात शू करायची सवय नसलेला कुत्रा अचानक करायला लागला तर लघवीचं इन्फेक्शनही असू शकतं, ते नाही ना हे बघितल्याशिवाय बाकी काही ठरवू नका. आणि तो टेबलाखाली बसला ते चूक कळली म्हणून नाही हो, तुमचा चेहरा आणि आवाज बघून घाबरला, त्यामुळे ओरडू नका, नुसतं पुसून टाका.

आता रुटीनचं. शिफ्ट तुमच्या हातात नाही, पण क्रम आहे. उठलं की बाहेर, आलं की पाणी, थोडं थांबून जेवण, मग पुन्हा शी-शूसाठी खाली, मग झोप. हा क्रम सहाला सुरू होवो नाहीतर आठला, तो तसाच ठेवा. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून जेवणाची वेळ पक्की झाली की शीची वेळ आपोआप पक्की होते आणि बिचाऱ्याला धरून ठेवावं लागत नाही. जेवल्यावर लगेच पळवू मात्र नका.

रविवारचे दोन तास बंद करा, हे मी कळकळीने सांगतोय. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं दीड वर्षापर्यंतसुद्धा वाढत असतात, त्यात आठवडाभर बसून एकदम पळापळ म्हणजे सांध्यांवर ताण. रोज अर्धा-पाऊण तास दोन वेळा पुष्कळ झालं, आणि त्यात त्याला वास घेऊ द्या. आमची कुत्री एकाच झुडपापाशी दोन-दोन मिनिटं उभी राहते, नाकपुड्या थरथरत असतात, शेपूट एकदम स्थिर, मी पूर्वी पट्टा ओढायचो. आता नाही ओढत. वीस मिनिटं असं हुंगत फिरली की घरी येऊन पाय ताणून झोपते, नुसतं भरभर चालवून आणलं की उलट घरात उड्या मारते.

मनीमाऊ
आमच्याकडे मांजर आहे पण गोष्ट तीच. पहाटे चारला तोंडावर पंजा मारून उठवायची. मग रात्री झोपायच्या आधी दोरीला बांधलेलं पीस घेऊन दहा-पंधरा मिनिटं खेळवायला लागले, शेवटी तिला ते पकडू द्यायचं आणि लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्यांचा मूळचा क्रमच आहे. पहाटे ओरडली तरी उठायचं नाही, पहिले काही दिवस जास्तच ओरडते, तिथे हार मानली की संपलं, जितकं जास्त ओरडेन तितकं मिळतं हेच ती शिकते.

सकाळचा_फेरा
वरच्या दादांशी सहमत, फक्त एक भर. घड्याळाला अगदी चिकटूही नका, अर्ध्या तासाची सूट ठेवा. आमचा आधीचा कुत्रा पाचच्या ठोक्याला फिरायला जायचा, दहा मिनिटं उशीर झाला की दाराशी धापा टाकत कुईकुई करायचा, ते बघवायचं नाही. आणि दुपारच्या शिफ्टला घरातल्या कुणालातरी किंवा शेजारच्यांना एक फेरी सांगा, पण माणूस तोच ठेवा.

वजनाचं हलक्यात घेऊ नका. 48 लॅब्राडोरवर जन्मभर केलेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झालाय, त्यांच्या जोड्या लावल्या होत्या, ज्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं ते साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. म्हणजे चालणं हवंच, पण वाटीने मोजून द्या, डोळ्यांच्या अंदाजाने नको. अर्धं जेवण फिरताना बक्षीस म्हणून हातातून दिलं तरी चालतं.

मोतीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडे जाऊन आले, इन्फेक्शन नाही. बारा दिवस झाले, क्रम पाळतेय, दुपारच्या आठवड्यात भाऊ संध्याकाळी नेतो. पहिले चार दिवस काहीच नाही, पाचव्या रात्री तो दोनला उठला, दारापर्यंत गेला, माझ्याकडे बघितलं आणि परत गादीवर जाऊन पडला. उशी अजून एक फाटलीय, पण घरात शू परत केलेली नाही. काल फिरताना एका खांबापाशी इतका वेळ हुंगत उभा होता की मीच खाली बसले त्याच्या शेजारी. वजन पुढच्या महिन्यात करून इथेच सांगते.