मदत हवी आहे: रुंद टायर टाकल्यापासून स्टिअरिंग हातातून ओढतंय

मंडळी, गाडीला आधी १८५/६५ आर१५ टायर होते. हौसेने २०५/५५ आर१६ टाकले, आणि त्याच दिवशी ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगाही. (दोन्ही एकदम करायला नको होतं, हे आता कळतंय.)

वळणावर पकड झकास, गाडी झुकतही नाही. पण ट्रकांनी चर पाडलेल्या रस्त्यावर चाक चरीच्या मागे धावतं. सरळ जाताना खड्डा लागला की स्टिअरिंग क्षणभर डावीकडे झटका देतं. पार्किंगमध्ये जडही लागतं, पण ते रुंदीमुळे असणार, त्याची तक्रार नाही.

नवीन रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर) ४५ मिमी ऐवजी ३८ आहे, म्हणजे चाक ७ मिमी बाहेर आलं. स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो जमिनीला टेकतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) बदलल्याने झटके बसतात, की गाडी खाली आल्यावर टाय रॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचा) कोन बिघडून बंप स्टिअर होतंय, म्हणजे चाक वर-खाली झालं की आपोआप वळतंय? स्प्रिंगा बसवल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलेलंच नाही, तेव्हा टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) हलले असणारच.

आधी अलाइनमेंट करून बघू, की जुनी चाकं तात्पुरती लावून दोष नेमका कुणाचा ते शोधू? हवा ३३ पीएसआय आहे.