मदत हवी आहे: वारांगरला बदकांचे सगळे फोटो मऊ येतायत, लेन्स गेली का?

सातभाई: नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, वाड्सोला आलोय. चारातले दोन दिवस संपले. बंदरात स्टेलर्स आयडर वीस-पंचवीस मीटरवर पोहतायत आणि एक फोटो शार्प नाही. नराच्या छातीच्या बाजूला काळा ठिपका असतो ना, तो शाई फुटल्यासारखा पसरलाय. लेन्स १५०-६०० झूम, शटर १/२०००. घरी हीच लेन्स झकास चालते. दुपारीच अंधारतं इथे, लवकर सांगा प्लीज.

दुर्बीणवाला: आयएसओ किती? पुढे फिल्टर आहे का?

सातभाई: १६००. फिल्टर नाही.

कोकणकडा: झूम ६०० ला मऊच असते. मी विकून ५०० प्राइम, म्हणजे बिनझूमची लेन्स, घेतली. भिगवणच्या फ्लेमिंगोचं पीस न पीस मोजता येतं.

दुर्बीणवाला: त्यांना आज वाड्सोत प्राइम कोण आणून देणार, तुम्ही?

मनी_पुणे: वार्डोहून बोटीने हॉर्नोया बेटावर जा, पफिन पक्षी फार गोड दिसतात!!

सातभाई: फेब्रुवारीत पफिन भर समुद्रात असतात हो. माझा प्रश्न लेन्सचा आहे.

उत्तरेकडची: फोटो बाहेर उभं राहून काढताय की गाडीतून?

सातभाई: गाडीतूनच. बाहेर उणे चौदा आहे, आणि गाडीला बदकं बुजत नाहीत.

उत्तरेकडची: हीटर चालू?

सातभाई: मग काय बंद ठेवू?

उत्तरेकडची: हो! लेन्स ठणठणीत आहे. गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडते ती थेट लेन्सच्या तोंडासमोर. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते, तेच. तिथे शटर वाढवून काही होत नाही. इंजिन बंद, चारही काचा खाली, लेन्स गार होईस्तोवर थांबा. लेन्सच्या तोंडावरचं हूड काढून बघा, त्यातही गरम हवा अडकते. पाण्यावर वाफ असेल तर लांबचे थवे सोडून द्या. इथला समुद्र गोठत नाही, त्यामुळे गारठलेल्या हवेत तो चहाच्या भांड्यासारखा वाफाळतो.

कोकणकडा: तरी प्राइम ती प्राइम.

खादाड_बोका: शाकाहारी माणसाने तिकडे खायचं काय? उपम्याची पाकिटं नेऊ देतात का?

सातभाई: आज सकाळी काचा खाली करून वीस मिनिटं कुडकुडलो. नाकातून धार, पण ठिपका चक्क गोल आलाय! मानेमागचा हिरवा डागसुद्धा. दोन दिवस फुकट घालवले राव. उद्या किंग आयडरसाठी बोट्सफ्योर्डला जातोय.

उत्तरेकडची: निघण्याआधी रस्ता उघडा आहे का बघा. वारा सुटला की डोंगरावरचा रस्ता बंद करतात, नाहीतर बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे ताफ्याने सोडतात. आणि लेन्स खोलीत नेताना आधी बॅगेत घालून चेन लावा, नाहीतर दव धरेल.

खादाड_बोका: उपम्याचं राहिलंच.