स्कीमा आहे का, हे आधी विचारायचंच कशाला?

निळी शाई
आम्ही पतसंस्थांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. डेटाबेस पोस्टग्रेस, प्रत्येक संस्थेला स्वतंत्र स्कीमा, म्हणजे डेटाबेसच्या आत तिच्या टेबलांचा वेगळा, नाव दिलेला कप्पा. नवी संस्था आली की आमची स्क्रिप्ट आधी कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींत, बघते, त्या नावाचा स्कीमा आहे का. नसला तर तयार करते. ही आधीची विचारपूस काढून टाकावी, असं माझं ठाम मत आहे. विचारणं वेगळं, बनवणं वेगळं, आणि मधल्या क्षणात काहीही होऊ शकतं. आमच्याकडे झालंही. स्क्रिप्टच्या दोन प्रती एकाच वेळी सुटल्या, दोघींना "नाही" असं उत्तर मिळालं, दोघी बनवायला धावल्या आणि एक आपटली. 'क्रिएट स्कीमा इफ नॉट एक्झिस्ट्स' (नसेल तरच स्कीमा बनवा) हे पोस्टग्रेसच्या ९.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून हाताशी आहे. एका ओळीचं काम दोन ओळींत कशाला?

जुनी वही
पूर्ण असहमत. 'इफ नॉट एक्झिस्ट्स' फक्त नाव बघतं. स्कीमा कुणाच्या मालकीचा, आत काय आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एक नोटीस देतं आणि पुढे जातं. एकाच नावाच्या पतसंस्था दोन तालुक्यांत असू शकतात. दुसरीची नोंदणी करताना तुमच्या स्क्रिप्टनं पहिलीचाच स्कीमा वापरायला घेतला, तर एकीच्या ठेवीदारांची खाती दुसरीच्या पडद्यावर दिसतील. नव्या संस्थेचा स्कीमा आधीच सापडणं ही चूक आहे. चूक दिसली की थांबायला हवं, आणि थांबण्यासाठी आधी बघायला हवं.

निळी शाई
नावाचा मुद्दा पटला, उपाय नाही पटला. नव्या संस्थेसाठी साधं 'क्रिएट स्कीमा' द्या, 'इफ' न लावता. नाव आधीच असेल तर ४२पी०६ ही एरर येते. ती पकडा आणि थांबा. विचारावं लागलंच नाही.

रात्रपाळी
दोघांनाही सांगतो, कारण यावर मी रात्री जागून काढल्या आहेत. 'इफ नॉट एक्झिस्ट्स' लावलं तरी एकदम धावणाऱ्या दोन प्रतींची ती शर्यत संपत नाही. पोस्टग्रेस आतून तेच करतं: आधी नाव शोधतं, मग पीजी_नेमस्पेसमध्ये, म्हणजे स्कीमांची नोंद असलेल्या कॅटलॉगच्या टेबलात, ओळ घालतं. दोन सेशन (डेटाबेसशी दोन जोडण्या) एकदम आली तर दुसरं पहिल्याच्या कमिटपर्यंत, म्हणजे बदल पक्का होईपर्यंत, थांबतं आणि मग २३५०५ देतं, म्हणजे तेच नाव दुसऱ्यांदा घालू न देणाऱ्या युनिक इंडेक्सची एरर. तुम्ही नुसती ४२पी०६ पकडत असाल तर ही निसटेल. शिवाय पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र पक्क्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या कामांच्या गटाच्या) मध्ये एरर आली की पुढचं सगळं नाकारलं जातं. सेव्हपॉइंट, म्हणजे मध्येच परत येता येईल अशी खूण, नसेल तर अख्खी नोंदणी मागे घ्यावी लागते.
मी काय करतो? सुरुवातीला पीजी_अ‍ॅडव्हायझरी_एक्सअ‍ॅक्ट_लॉक घेतो, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं, ट्रान्झॅक्शन संपेपर्यंतचं कुलूप. सगळ्या स्क्रिप्ट तोच लॉक घेत असतील तर त्यानंतर आरामात विचारा, उत्तर बदलत नाही.

कोरडी विहीर
इथे सगळे स्कीमा बनवणाऱ्याच्या बाजूनं बोलताहेत. आमच्या अ‍ॅपच्या युजरला बनवायचा अधिकारच नाही, आणि नसावाच. अशा युजरनं 'इफ नॉट एक्झिस्ट्स' चालवलं तर स्कीमा असला तरी "परवानगी नाही" असंच उत्तर येतं, कारण पोस्टग्रेस अधिकार आधी तपासतं आणि नाव नंतर. म्हणजे अ‍ॅप सुरू होताना विचारणं हाच एक मार्ग उरतो.
पण कुठे विचारता, याला फार महत्त्व आहे. इन्फर्मेशन_स्कीमा.स्कीमाटा हा व्ह्यू (स्कीमांची तयार यादी) आपल्याला अधिकार असलेलेच स्कीमा दाखवतो. आमच्या देखरेखीच्या युजरला त्यातून "नाही" असं उत्तर आलं, स्कीमा मात्र जागेवर होता. तेव्हापासून मी पीजी_नेमस्पेस बघते, किंवा ९.५ पासून असलेलं, नावावरून स्कीमा शोधणारं टू_रेगनेमस्पेस हे फंक्शन वापरते. स्कीमा नसेल तर ते नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतं, एरर नाही. एक सावधगिरी: ते नावातली कॅपिटल अक्षरं लहान करतं. नाव दुहेरी अवतरणांत कॅपिटलसह बनवलं असेल, तर विचारतानाही ती अवतरणं द्यावी लागतात.

तिसरा मजला
एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर या वादाला जागा नाही. तिथे 'क्रिएट स्कीमा'ला 'इफ नॉट एक्झिस्ट्स' नाही, आणि ते वाक्य बॅचमध्ये (एकदम पाठवलेल्या वाक्यांच्या गटात) एकटंच लागतं. त्यामुळे स्कीमा_आयडी या फंक्शनकडून नल आला का बघायचं आणि 'एक्झेक'मधून, म्हणजे ते वाक्य मजकूर म्हणून वेगळं चालवून, बनवायचं. ओरॅकल डेटाबेसमध्ये तर युजर म्हणजेच स्कीमा, शोध ऑल_युजर्स या यादीत घ्यायचा.

जुनी वही
निळी शाई, तुमच्याच रचनेतला सर्वांत मोठा धोका अजून कुणी बोललंच नाही. टेबलं कुठल्या स्कीमांत शोधायची-बनवायची याची क्रमवार यादी म्हणजे सर्च_पाथ; त्यात अस्तित्वातच नसलेल्या स्कीमाचं नाव दिलं तर पोस्टग्रेस एरर देत नाही. गुपचूप ते नाव सोडून पुढच्याकडे जातं. पाथमध्ये "संस्था, पब्लिक" असं असेल आणि संस्थेचा स्कीमा नसेल, तर टेबलं पब्लिक या सगळ्यांच्या सामाईक स्कीमात बनतात. मी हे एका जुन्या नोकरीत पाहिलंय. नावात एक अक्षर चुकलं होतं, मायग्रेशन (टेबलं बनवणारी-बदलणारी स्क्रिप्ट) यशस्वी म्हणून हिरवं दिसलं आणि चौदा टेबलं पब्लिकमध्ये पडली. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीनं पब्लिकमध्ये बनवायचा सरसकट अधिकार काढला, पण जुन्यावरून आणलेल्या डेटाबेसात तो तसाच राहतो. आता सांगा, इथे कुठली एरर पकडणार?

निळी शाई
इथे पकडायला एररच नाही, हे मान्य. आमच्या पाथमध्ये पब्लिक आहेच, आत्ता बघितलं. मायग्रेशनच्या आधी टू_रेगनेमस्पेस नल आलं तर तिथेच थांबायचं, हे उद्याच घालतो, आणि पाथमधून पब्लिक काढतो. मग स्कीमा नसला तर टेबल बनवतानाच एरर येईल. नोंदणीच्या स्क्रिप्टमधली विचारपूस मात्र मी काढणारच. तिथे लॉक, साधं 'क्रिएट' आणि एरर आली की थांबणं.

जुनी वही
लॉक घेतलाच आहे तर विचारायला एक ओळ लागते. "या नावाची संस्था आधीच नोंदलेली आहे, तालुका तपासा" असा निरोप नोंदणी करणाऱ्या बाईंना मिळेल. ४२पी०६ वाचून त्या तुम्हालाच फोन करतील.