ओट्स आणि क्रीमच्या आयरिश गोडाबद्दल

कोणीतरी विचारलंय की या गोडासाठी क्रीममध्ये ओट्स घातले की तासाभरात सगळं लगदा होतं, काय करायचं. तर पहिली गोष्ट ओट्स कुठले घेताय ते बघा, झटपट शिजणारे पातळ ओट्स इथे नकोच, दाण्याचे दोन-तीन तुकडे केलेले स्टील कट मिळतात ते घ्या, आयर्लंडमध्ये त्यालाच पिनहेड म्हणतात. कोरड्या कढईत मंद आचेवर खमंग भाजायचे, पूर्ण गार करायचे आणि वाढायच्या जरा आधीच फेटलेल्या क्रीममध्ये मिसळायचे. क्रीम निदान ३५% फॅटचं हवं, २५% वालं फ्रेश क्रीम कितीही फेटा, ते फुगत नाही. मध, थोडी आयरिश व्हिस्की (नको असेल तर सरळ वगळा), बास.

पण मला विचाराल तर खरी मजा फ्लमरीमध्ये, म्हणजे ओटच्या चिकाच्या घट्ट गोडात आहे, ती जुनी पद्धत आणि तिच्याबद्दल इथे कोणीच बोललं नाही! ओटचं जाडसर पीठ भरपूर पाण्यात एक-दोन दिवस भिजवायचं, मग फडक्यातून गाळून चोथा बाजूला करायचा आणि ते पांढरं पाणी साखर घालून सतत ढवळत घट्ट होईपर्यंत शिजवायचं, अगदी कुरडयांचा चीक शिजवतो तसंच, हात थांबला की गुठळ्या. शेवटी संत्र्याचा रस, वाटीत ओतून गार करा, वरून मध आणि न फेटलेलं क्रीम. भिजवल्याचा किंचित आंबटपणा येतो तो येऊ द्या, चव त्यातच आहे. आपल्या उन्हाळ्यात मात्र भिजवलेलं फ्रीजमध्येच ठेवा.