मज्जातंतूच्या वेदनेसाठी उंदरांवरील प्रयोग आता थांबवावेत का?

धागाकर्ता:
आईची नागीण बरी झाली, पण कमरेभोवती साडीचा काठ घासला तरी ती अजून कळवळते. नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी दिलेल्या प्रीगॅबालिनने थोडा उतार आहे. त्या औषधाविषयी वाचताना बेनेट आणि शी या संशोधकांची १९८८ ची पद्धत समजली: उंदराच्या मांडीतील सायटिक मज्जातंतूभोवती चार सैल गाठी बांधतात, तंतू सुजून त्यांत आवळला जातो, आणि पुढे पंजावर बारीक तार टेकवून किती दाबाला पाय मागे घेतला जातो ते मोजतात. माझ्या मते हे थांबवावे. सबस्टन्स पी हे वेदनेचा संदेश नेणारे रसायन अडवणारी औषधे प्राण्यांत वेदना कमी करत होती, माणसांतील चाचण्यांत मात्र ती निष्फळ ठरली. उलट नेव्ह १.७ या सोडियम मार्गिकेचे (मज्जातंतूत सोडियम आत सोडून वेदनेचा संदेश पुढे नेणारे दार) महत्त्व २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातील, ती निकामी असल्याने वेदनाच न जाणवणाऱ्या माणसांमुळे ठळक झाले.

प्रतिसाद १:
मी नागपुरातच औषधशास्त्र शिकवतो, म्हणून पक्षपाती समजा. नेव्ह १.७ चे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते, कारण माणसांवरून सुचलेली, ती मार्गिका अडवणारी औषधेही माणसांत फारशी चालली नाहीत; अपयशाचे खापर एकट्या उंदरावर फोडता येत नाही. आईंच्या गोळीचेच पाहा. ती मज्जातंतूंच्या पेशींवरील अल्फा-२-डेल्टा प्रथिनाला चिकटते, आणि त्या प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदललेल्या उंदरांत तिचा वेदनाशामक परिणाम दिसला नाही, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. काठ घासताच कळवळणे प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत घडत नाही. त्यासाठी त्वचा, मज्जारज्जू आणि मेंदू एकत्र लागतात.

प्रतिसाद २:
पाय मागे घेणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिला वेदना म्हणणे ही आपली सोय. शिवाय हे प्रयोग वर्षानुवर्षे बहुधा नरांवरच झाले. मज्जातंतूच्या इजेनंतरची स्पर्शवेदना नर उंदरांत मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींवर अवलंबून असते, माद्यांत नाही, असे २०१५ मध्ये दिसले. धागाकर्त्यांच्या आईंसाठी नेमके काय शोधले जात होते, असा प्रश्न पडतो.

धागाकर्ता:
अल्फा-२-डेल्टाचा मुद्दा मान्य. सरसकट बंदीची मागणी मी मागे घेतो. पण सरांना एक विचारतो: गाठी बांधल्यानंतर त्या उंदरांना वेदनाशामक देतात का?

प्रतिसाद १:
भूल देऊनच गाठी बांधतात. नंतर मात्र वेदनाशामक पुष्कळदा टाळतात, कारण जे मोजायचे तेच त्याने झाकले जाते. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालील समितीची परवानगी लागते, पण एवढ्याने तुमचे समाधान होणार नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही.